हिरवळीचा हिशेब

शाळेपुढे १ गुंठा हिरवळ लावून तिची निगा ठेकेदाराकडे दिली, तर खर्च किती येईल? दर चौरस फुटाचा असेल, तर त्याला १०८९ ने गुणा, कारण गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट. या दरात कापणी, खुरपणी आणि खत येते. पाणी बहुधा आपलेच.

खरी मेख तिथेच आहे. उन्हाळ्यात हिरवळीला रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा, म्हणजे रोज ५०५ लिटर! ५००० लिटरचा टँकर दहा दिवसांतच रिकामा. बेळगावला राकसकोप व हिडकलचे पाणी पुरवून वापरावे लागते ते याच दिवसांत, आणि एप्रिल-मेमध्ये शाळेला तर सुट्टी! हिरवळ पाहायला असते कोण?

गंमत म्हणजे हिरवळीसाठी लावतात ती हरळी निपाणीकडचा शेतकरी मजुरी मोजून शेतातून उपटून टाकतो.

विश्वस्तांनी दरपत्रक मागवताना पाणी कोणाकडे, हे आधी लिहून घ्यावे.

सराव : एप्रिल व मे मिळून ६१ दिवस. किती टँकर लागतील? टँकरचा दर घरी विचारा आणि एकूण खर्च काढा.