राखीव जागा आणि संक्रमणीय मत

दिल्लीतील करोल बाग हा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. तेथून 1996 व 1998 साली मीरा कुमार, 1999 साली अनिता आर्य आणि 2004 साली कृष्णा तीरथ निवडून आल्या. स्त्रियांसाठी म्हणून ती जागा राखलेली नव्हती. पुढे 2008 च्या फेररचनेत हा मतदारसंघच उरला नाही. या चार निवडणुकांवरून स्त्रियांना राखीव जागांची गरज नाही असे अनुमान काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. शिवाय एकसदस्य मतदारसंघात प्रश्न सोपा असतो : जागा एकच, ती राखीव असते किंवा नसते. खरा पेच पडतो तो अनेक जागा पसंतीक्रमाने एकदम भरावयाच्या असतात तेव्हा.

ही पद्धत आपल्याला अपरिचित नाही. संविधान सभेतील प्रांतांचे सदस्य 1946 साली एकल संक्रमणीय मतानेच निवडले गेले. राज्यसभेत राज्यांचे प्रतिनिधी आजही तसेच निवडले जातात. 2023 च्या 106व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा ठरवल्या, पण राज्यसभा त्यातून वगळली. हे वगळणे अकारण नव्हे, असे गणित मांडून पाहिल्यास दिसते.

समजा, मते 60 आणि जागा 3. निवडून येण्यास 16 मते लागतील. 'अ'ला 24, 'ब'ला 17, 'क'ला 10 व 'ड'ला 9 प्रथम पसंतीची मते मिळाली. 'अ' व 'क' एका पक्षाचे, 'ब' व 'ड' दुसऱ्या पक्षाचे; 'ड' ही एकमेव स्त्री. 'अ'ची 8 अधिक मते 'क'कडे गेली की त्याची 18 होतात व तो निवडून येतो. 34 मतांच्या पक्षाला दोन जागा, 26 मतांच्या पक्षाला एक; हा न्याय प्रमाणशीर आहे. आता एक जागा स्त्रीला द्यावयाचीच असा नियम घातला, तर 'ड'ला गणनेतून बाद करता येत नाही, आणि आवश्यक मते मिळवूनही 'क'ला जागा सोडावी लागते. प्रमाण उलटे होते. पहिल्या पक्षाने स्वतःची स्त्री-उमेदवार दिली असती, तर त्याच्या मतदारांची पुढची पसंती तिच्याकडे वळून दोन्ही न्याय सांभाळले गेले असते. अर्थात, जागा राखण्यापूर्वी उमेदवारीची अट घालणे अधिक शहाणपणाचे.

हंसा मेहता यांनी 1946 च्या डिसेंबरात संविधान सभेत, आपल्या संघटनेने राखीव जागा कधी मागितल्या नाहीत, असे सांगितले होते. 1949 च्या जानेवारीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्य मतदारसंघ व प्रमाणशीर प्रतिनिधित्व सुचवले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी साक्षरतेचा अभाव आणि सरकारचे स्थैर्य ही कारणे पुढे केली. साक्षरतेचे कारण आज फारसे टिकत नाही, स्थैर्याचे टिकते.

राखीव संख्या ही किमान मर्यादा की कमाल, हाही प्रश्न उरतोच. पार्वतीपुरम या द्विसदस्य मतदारसंघात 1957 साली दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांनी जिंकल्या व व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली तो निकाल ग्राह्य धरला. तेथे राखीव जागा आधी भरली जाई. संक्रमणीय मतात क्रम उलटा हवा : स्वतःच्या मतांवर आलेल्या स्त्रिया प्रथम मोजाव्यात, आणि नियम लावावा तो उरलेल्या तुटीपुरताच.