आवाज येतो, पण चित्र दिसत नाही : शाळेच्या कॉम्प्युटरवरचा कोडेकचा गोंधळ



२०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर आपल्या परभणी जिल्ह्यातही अनेक गावांनी लोकवर्गणी करून शाळेला प्रोजेक्टर, टीव्ही, कॉम्प्युटर घेऊन दिले. त्यातले बरेच अजून विंडोज ७ वरच चालतात. त्यांच्यावर नेहमी येणारी एक अडचण आज पाहू. व्हिडिओचा आवाज येतो पण पडदा काळा. किंवा चित्र हिरवं, कधी चक्क उलटं! काही वेळा तर व्हिडिओचं फोल्डर उघडलं तरी कॉम्प्युटर अडकतो.

अशा वेळी लगेच तालुक्याला नेऊन फॉरमॅट मारू नका. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं शैक्षणिक साहित्य त्यात जातं, आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

आधी कारण समजून घेऊ. एमपी फोर, एव्हीआय, एमकेव्ही हे नुसते डबे आहेत. आतलं चित्र आणि आवाज दाबून, लहान करून भरलेले असतात. ते भरायची आणि उलगडायची जी पद्धत, तिचा प्रोग्रॅम म्हणजे कोडेक. त्यामुळे दोन्ही फाइल एमपी फोर असूनही एक चालते, दुसरी चालत नाही. एकीत एच २६४ असतं, दुसरीत नवं एच २६५.

आता गोंधळ कुठे होतो बघा. व्हिडिओ चालेना म्हणून कुणी एक कोडेक पॅक टाकतो, पुढच्या वर्षी दुसरे सर दुसरा टाकतात. विंडोजचा प्लेअर त्यातला ज्याचा अग्रक्रम वर, त्याला काम देतो. तो जुना किंवा अर्धवट असला की चित्र बिघडतं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत.

पहिली तपासणी सोपी आहे. व्हीएलसी प्लेअर टाका आणि तोच व्हिडिओ त्यात लावा. व्हीएलसी स्वतःचे कोडेक सोबत घेऊन येतो, विंडोजमधल्या भांडणाशी त्याचा संबंध नाही. त्यात नीट चालला तर फाइल चांगली आहे, दोष विंडोजमधल्या कोडेकचा. त्यातही अडकला तर फाइल अर्धवट कॉपी झालेली असू शकते, पेनड्राइव्हवर पुन्हा घ्या. व्हीएलसीतही हिरवं दिसलं तर प्रेफरन्सेसमध्ये इनपुट/कोडेक्स या भागात जाऊन हार्डवेअर डिकोडिंग डिसेबल करून बघा.

मग व्हीएलसी टाकला की झालं का? नाही. पॉवरपॉइंटमध्ये घातलेला व्हिडिओ विंडोजचेच कोडेक वापरतो. आपले बरेच पाठ पीपीटीत असतात, म्हणून सफाई करावीच लागते.

आधी सिस्टीम रिस्टोअर पॉइंट तयार करा. मग कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रॅम्स अँड फीचर्समध्ये जाऊन नावात ‘कोडेक पॅक’, ‘एफएफडीशो’, ‘डिव्हएक्स’, ‘एक्सव्हिड’ असं असलेलं सगळं एकेक करून अनइन्स्टॉल करा. ग्राफिक्स ड्रायव्हर आणि व्हिज्युअल सी प्लस प्लसला मात्र हात लावू नका. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून व्हिडिओ तपासा. तरीही गरज वाटली तर एकच पॅक ठेवा, के-लाइटचा बेसिक पुरेसा आहे. इन्स्टॉल होताना तो मागे राहिलेले तुटके कोडेकही शोधतो. एखादा व्हिडिओ पाहताना ‘कोडेक डाउनलोड करा’ अशी खिडकी उघडली तर तिथं मुळीच क्लिक करू नका, व्हायरस बहुधा असाच शिरतो.

जुन्या पॉवरपॉइंट २०१० साठी माझा अनुभव असा की व्हिडिओ डब्ल्यूएमव्ही करून घातलेला बरा. व्हीएलसीत कंट्रोल आणि आर दाबा, फाइल निवडा, कन्व्हर्टमध्ये डब्ल्यूएमव्ही प्रोफाइल घ्या. वेळ लागतो, त्यामुळे लाईट जायच्या वेळेच्या आत उरकून घ्या.

आणि मुलांचे उपक्रम मोबाइलवर शूट करणार असाल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं ‘हाय एफिशियन्सी व्हिडिओ’ आधीच बंद करा. ते चालू असलं की व्हिडिओ एच २६५ मध्ये जातो आणि शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा तोच काळा पडदा दिसतो.