वळणावर गाडीची परीक्षा

स्पोर्ट्स कारमध्ये फेरबदल करताना पुष्कळांचे लक्ष इंजिनाच्या ताकदीकडे असते. पण वळणावर गाडी ताब्यात राहते ती टायर व रस्ता यांमधील घर्षणामुळे. हे घर्षण किती पुरते, ते मोजण्याची रीत वर्तुळाकार गतीच्या धड्यातलीच आहे.

चाचणी : बंदिस्त, सपाट मैदानावर ३० मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखतात. चालक वेग हळूहळू वाढवत, गाडी घसरू न देता त्यावरून फिरवतो. समजा, सर्वांत जलद फेरीला १२ सेकंद लागले. परीघ १८८.५ मीटर, म्हणून वेग सेकंदाला १५.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५६.५ किलोमीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की अभिकेंद्री त्वरण मिळते : ८.२ मी/से², म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ०.८४ पट.

दोष कसा ओळखावा? पुढची चाके आधी घसरली, तर गाडी वळणाबाहेर जाऊ लागते. हे 'अंडरस्टिअर'. मागची आधी घसरली, तर मागची बाजू बाहेर फेकली जाऊन गाडी गिरकी घेते. हे 'ओव्हरस्टिअर', ते सावरणे अधिक कठीण.

सुधारणा : डावे व उजवे चाक जोडणारा 'अँटी-रोल बार' पुढे जाड बसवला, तर वळणावर पुढच्या बाहेरील टायरवर जास्त भार येतो. टायरवरचा भार दुप्पट झाला, तरी पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे पुढची एकूण पकड कमी होऊन अंडरस्टिअर वाढते. मागे जाड बार बसवल्यास उलट घडते.

नियम एकच : एका वेळी एकच बदल करावा. टायरमधील हवा तीच ठेवून, दोन्ही दिशांनी पुन्हा मोजावे. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा हे कळत नाही.

ऑडी टीटी ही गाडी १९९८ मध्ये बाजारात आली. अतिवेगात ताबा सुटून काही अपघात झाल्यावर कंपनीला सस्पेन्शन बदलावे लागले, मागे स्पॉयलर व इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणाही द्यावी लागली. कारखान्याला जे पुन्हा तपासावे लागले, ते गल्लीतल्या गॅरेजमध्ये अंदाजाने करू नये. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. अशी चाचणी रस्त्यावर तर कधीच करू नये.

स्वाध्याय : बदलानंतर फेरीला ११.५ सेकंद लागले. त्वरण काढा. (उत्तर : सुमारे ९ मी/से²)