गालिचा भिजवण्यापूर्वी

सातारा,
श्रावण वद्य तृतीया

चि. सौ. ताई,

काल दुपारच्या टपालाने तुझ्या धाकट्या बहिणीचे पत्र आले. सर्वांचे क्षेमकुशल लिहून झाल्यावर शेवटी, सहज आठवले म्हणून लिहावे तसे, तिने लिहिले आहे की, मंगळागौरीच्या हळदीकुंकवाला दिवाणखान्यातील गालिच्यावर ओल्या हळदीची वाटी कलंडली; तू घाईने साबणाचे पाणी लावून ती जागा घासलीस, तेव्हा पिवळा डाग निघण्याऐवजी तांबडाभडक झाला; गालिच्याचा रंगच सुटला अशी तुझी समजूत झाली, आणि आता गणपतीपूर्वी घरातील सारी अंथरणे एका यंत्रवाल्याच्या स्वाधीन करून गरम पाण्याने आणि सोड्याने धुऊन घेण्याचा तू निश्चय केला आहेस. त्याच्याशी दरही ठरला आहे म्हणे. हे वाचल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. आधी आज्ञा सांगतो, कारणे मागाहून. हे पत्र हाती पडताच त्या माणसाला निरोप धाडून थांबव. ऐन श्रावणात, रत्नागिरीच्या हवेत, तो गालिचा भिजवू नकोस.

तो गालिचा कोठून आला हे तुला सांगण्याची गरज नाही, पण या क्षणी त्याचे स्मरण देणे प्राप्त आहे. तुझ्या आजोबांनी तो येरवड्याच्या तुरुंगातील कारखान्यातून घेतला. त्या कारखान्याची त्या काळी मोठी ख्याती होती. विजापूरच्या आसार महालात जतन केलेल्या जुन्या गालिच्यांच्या नकलादेखील तेथे विणल्या गेल्या. सुताच्या ताण्यावर लोकरीची एकेक गाठ मारीत, ज्यांना बाहेरचे जग पारखे झाले होते अशा माणसांनी केलेले ते काम आहे. तुझ्या आईने तो तुला लग्नात दिला तेव्हा आमच्यापैकी कोणी हरकत घेतली नाही, कारण भावंडांत वस्तू सांभाळून वापरण्याची बुद्धी तुझ्याच ठायी आहे असा सर्वांचा विश्वास होता. म्हणूनच विचारतो, एका वाटीभर हळदीपायी, कोणालाही न विचारता, मूळ धागा कोणता आणि रंग कसला याची चौकशी न करता, सगळ्या अंथरणांचा एकच ठराव करून तू कशी मोकळी झालीस? रागाने लिहितो आहे असे वाटले तर वाटू दे. थोडा राग आहेच.

स्वच्छतेची पद्धत डाग पाहून ठरवायची नसते, धागा पाहून ठरवायची असते. हे एक सूत्र ध्यानात ठेवलेस तर पुढचे सारे आपोआप उलगडेल. लोकर हा प्राण्याच्या अंगावरचा केस. तिचे घटकद्रव्य प्रथिनजातीचे आहे, आणि प्रथिनाला क्षार सोसत नाही. धुण्याच्या सोड्याने लोकर प्रथम रुक्ष, मग ठिसूळ होते. आणि पांढरे कपडे स्वच्छ करण्यासाठी आपण क्लोरीनचे जे विरंजक पाणी वापरतो, ते पुरेसे तीव्र असेल तर लोकर अक्षरशः विरघळवून टाकते. रेशमाची प्रकृतीही याच कुळातली. याउलट सूत, ताग, काथ्या आणि घायपात ही वनस्पतीची संतती. सुताला सोडा सोसतो, पण तीव्र अम्लाने ते कुजते. आता तुझ्या गालिच्याची रचना डोळ्यांपुढे आण. वरची लव लोकरीची आणि आतला ताणा सुताचा, म्हणजे भिन्न प्रकृतीची दोन माणसे एकाच संसारात नांदत आहेत, आणि एकाला मानवणारे औषध दुसऱ्याच्या जिवावर उठणार नाही एवढेच सौम्य औषध वैद्याने योजले पाहिजे. थंड पाणी, लोकरीसाठीचा निःक्षार साबण किंवा रिठ्याचे गाळलेले पाणी, मऊ कुंचला आणि भरपूर वेळ, यांपलीकडे त्याला काही लागत नाही. यंत्रवाल्याचे गरम पाणी आणि सोडा ही कृत्रिम धाग्याच्या अंथरणांना चालणारी योजना असेल. त्या गालिच्याला ती चालणार नाही.

पण सोड्याहून मला अधिक भय आहे ते ओलीचे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतका दमटपणा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते, हे कितीजणांना ठाऊक असते? यंत्र वरून पाणी मारते, वरून शोषते, वरचा पृष्ठभाग दुसऱ्या दिवशी सुकल्यासारखा भासतो, आणि आतला सुताचा ताणा तसाच ओला राहतो. रत्नागिरीच्या श्रावणात, जेथे दोरीवरचे धोतर दोन दिवस सुकत नाही, तेथे त्या ताण्याने कोणाच्या भरवशावर सुकावे? त्याला बुरशी धरेल, वास येऊ लागेल, आणि पुढे केव्हातरी घडी घालताना सूत कडकन तुटेल. लव वर शाबूत आणि खाली आधारच नाही, अशी गत होईल. डाग दिसतो म्हणून आपण त्याला भितो. ओल दिसत नाही म्हणून तिला भीत नाही.

तुझ्या बहिणीने असेही लिहिले आहे की, इराणात गालिचे झऱ्यात घालून धुतात अशी चित्रे तू कोठेतरी पाहिलीस आणि त्यावरून तुला धीर आला. चित्रे खरी आहेत. तेहरानजवळ रे येथील चश्मे-अली या झऱ्यावर लोक गालिचे धूत आणि भोवतालच्या खडकांवर वाळत घालीत, हे प्रसिद्धच आहे. पण त्या खडकांवर पडणारे ऊन आणि त्या पठारावरचा कोरडा वारा तुझ्या गच्चीवर कोठून आणणार? पाणी त्यांचे आणि आपले सारखेच. हवा सारखी नाही. जी पद्धत एका देशी शास्त्र ठरते, तीच दुसऱ्या देशी, भलत्या ऋतूत, नाशाला कारण होते.

आणि बाकीच्या अंथरणांचे काय? जेवणघरातला तागाचा गालिचा त्या माणसाने ओला केला, तर तो सुकताना तागाच्या अंगातील तपकिरी द्रव्य पाण्याबरोबर वर चढून धाग्यांच्या टोकांशी साचेल, आणि डाग नव्हता तेथे सर्वभर डाग दिसू लागतील. शिवाय ओला ताग दुर्बल होतो. त्याला कोरडीच शुद्धी हवी: प्रथम धूळ झाडायची, मग शोषक भुकटी पसरून मऊ कुंचल्याने आत जिरवायची आणि काही वेळाने धूळ ओढणाऱ्या यंत्राने काढून घ्यायची. घायपाताच्या चटईलाही हाच न्याय. द्रवाने कोरडी धुलाई करणारे लोक आहेत, पण अंथरणाच्या पाठीला रबराचा लेप असेल तर तो द्रव त्या लेपाचीच वासलात लावतो, हे त्यांना विचारून घे. दारातले काथ्याचे पायपुसणे मात्र सोशिक आहे. काथ्याचा जन्मच नारळाची सोडणे खाजणाच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवून होतो, त्याला पाण्याचे भय नाही. सोलापुरी सतरंजी तू खुशाल साबणाने धू. पक्क्या रंगाचे सूत ते, धोपटणेही सोसेल. पण तीही उघडीप पाहूनच. चार अंथरणे, चार प्रकृती. त्यांना एकच दर आणि एकच पाणी लावणाऱ्या माणसाला त्यांपैकी एकाचीही ओळख नाही, असे मी समजतो.

आता ज्या गोष्टीने तुला रडवले तिच्याकडे वळतो. बाळ, गालिच्याचा रंग सुटलेला नाही. हळदीला क्षार लागला की ती तांबडी होते. हळद आणि चुना यांच्या मिश्रणाचा रंग तू लहानपणापासून पाहत आली आहेस. कपड्याच्या साबणात क्षार असतो, म्हणून तो डाग लाल झाला, इतकेच. चमचाभर पांढरा शिरका वाटीभर थंड पाण्यात घाल, गालिच्याच्या मागच्या कोपऱ्यावर आधी लावून पाहा, पांढऱ्या सुती फडक्याला रंग लागत नाही अशी खात्री झाली की डागावर ते फडके नुसते टेकव. घासू नकोस. तांबडेपणा ओसरून पिवळेपणा उरेल. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने ती जागा टिपून घे, खाली पाट ठेवून ती उंच कर आणि वर-खाली दोन्हीकडून पंख्याचा वारा दे. हळदीच्या रंगाला प्रकाश सोसत नाही. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा बाकीचा गालिचा चादरीने झाकून तेवढीच जागा सकाळच्या उन्हात धर. चार-आठ दिवसांत ती फिकी पडत जाईल. डाग पूर्ण गेला नाही तरी चालेल.

नित्याची निगा याहून सोपी आहे आणि तीच खरी. गालिच्याचा शत्रू डाग नव्हे, पायांबरोबर येणारी बारीक वाळू; ती लवेच्या मुळाशी बसते आणि प्रत्येक पावलागणिक धागा कापते. म्हणून अधूनमधून गालिचा उलटा घालून पाठीवरून धूळ ओढणारे यंत्र फिरव म्हणजे वाळू खाली गळेल, मग सुलटा करून लवेच्या दिशेने हलका झाड. दोरीवर टांगून बडवू नकोस, त्याचे वय आता ते सोसण्याचे नाही. कपाटाखाली दबलेला भाग वर्षातून दोनदा उजेडात आण, कारण कसर अंधारातच अंडी घालते आणि तिच्या अळ्यांना लोकरीहून प्रिय काही नाही.

हे सारे मी तुला आज अधिकाराने लिहितो आहे, पण त्यातले फार थोडे मी योग्य वेळी आणि योग्य माणसाकडून शिकलो. तुझी आजी दरवर्षी दिवाळीनंतर, हवा कोरडी पडली की, माणदेशातून आलेली घोंगडी माहुलीला कृष्णेवर नेऊन रिठ्याच्या पाण्यात धुवायची. पाणी हाताला कसे लागले म्हणजे थांबायचे, लोकर पिळायची नाही तर दाबायची, सावलीत आडवी कशी पसरायची, हे सारे तिच्या हातात होते. ती मला म्हणायची, "चल, एकदा बघून तरी ठेव." मी नुकताच महसूल खात्यात लागलो होतो, घरीदेखील कचेरीचे दप्तर पुढ्यात असायचे, आणि बायकांच्या कामात काय पाहायचे असा त्या वयाचा ताठा होता. पुढे बदल्यांमागून बदल्या झाल्या. ती गेली तेव्हा मी दूरच्या तालुक्यात होतो. आता रिठ्याचे प्रमाण मला पुस्तकावरून पाहावे लागते, आणि तिच्याजवळ बसून ते ऐकण्याचे जे सुख होते ते कोणत्याच पुस्तकात मिळत नाही, याची खंत मनातून जात नाही. तू कोणाला विचारले नाहीस म्हणून मी रागावलो, त्याच्या तळाशी ही खंतच आहे.

तुझी घाई कशासाठी आहे हे मला कळत नाही असे समजू नकोस. गणपतीला सासरची सारी मंडळी येणार, नव्या घरातला हा पहिलाच उत्सव, आणि हळदीकुंकवाला आलेल्या कोणा बाईने डागाकडे पाहून काही बोलल्याचेही तुझ्या बहिणीने सुचवले आहे. लोकांच्या डोळ्यांना आपले घर उणे दिसू नये असे वाटणे यात दोष नाही; तुझ्या वयात कोणाला तसे वाटत नाही? पण मंगळागौर जागवणाऱ्या घरात हळद सांडली तर त्यात कमीपणा कसला? गणपतीच्या दिवसांत त्या जागेवर सतरंजीची घडी घाल, किंवा काहीच घालू नकोस. जो येईल तो गणपतीच्या दर्शनाला येईल, गालिच्याच्या पंचनाम्याला नव्हे. ज्याच्या हातून वाटी कलंडली त्याला मात्र, लहान असो वा थोर, त्याबद्दल पुन्हा एक शब्दही बोलू नकोस; आणि स्वतःलाही बोल लावू नकोस. पोरी, रात्रभर रडलीस हे वाचून तुझ्या मामीच्या डोळ्यांना पाणी आले, आणि माझा निम्मा राग तेथेच संपला.

गालिचा धुवायचाच आहे, पण तो मार्गशीर्षात आणि येथे धुवायचा. तेव्हा साताऱ्याची हवा कोरडी असते, फरसबंद अंगणाला उतार आहे, पाणी थंड आहे आणि मला आता कचेरी नाही. आधी रंगाची परीक्षा करू, दोन दिवस नुसती धूळ काढू, मग रिठ्याच्या पाण्याने लवेच्या दिशेने हलके धुऊन, निवळ पाणी निघेपर्यंत खळबळू आणि दोन्ही अंगांनी पूर्ण सुकेपर्यंत त्याच्याजवळ बसू. त्या कामाला चार हात लागतात. दोन माझे आहेत. जावईबापूंना रजा मिळत नसेल तर त्यांना माझा नमस्कार सांगून तू एकटीच ये, पण मुलांना घेऊन ये. तुझी मामी आतापासूनच दिवस मोजते आहे.

तेव्हा यंत्रवाल्याला आजच नको म्हणून कळव, तसे केल्याचे दोन ओळींचे उत्तर मला टाक, आणि मार्गशीर्षात चार दिवस आजोळी ये.

तुझा मामा