विज्ञानकथा छापायची, तर खिशातून किती जातात?

बीड जिल्ह्यातल्या तेलगावात राहून विज्ञानकथा, भयकथा किंवा अद्भुतकथा लिहिणाऱ्यांना आधीच सांगतो: पुस्तकाची घाई करू नका, अगोदर कथा छापून आणा. कथेला खर्च जवळपास नाही. पुस्तकाचा खर्च मात्र ऊसबिलाचा एखादा हप्ता गिळून बसतो.

मराठीत या लेखनाला जागा दिली ती मुख्यतः मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी. अनंत अंतरकरांचे ‘नवल’ आणि रहस्यकथांसाठी ओळखला जाणारा ‘धनंजय’ यांनी अशा कथांचा वाचक घडवला. दिवाळी अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, म्हणून कथा मे-जूनपर्यंत पोचलेली बरी. युनिकोडमध्ये टाइप करा, मोबाइलवर केले तरी चालते, आणि ईमेलने पाठवा. कोणी कागदावरच मागितली, तर चौकातले प्रिंटआउट आणि स्पीड पोस्ट धरून शंभर-दीडशेत काम होते. साधे रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे द्या. मानधन किती, हे आधी विचारायला लाजू नका. काही अंक नुसती लेखक-प्रत देतात. पहिल्या कथेला तेही चालेल. पण ‘इतके अंक विकत घ्या, मग कथा छापू’ असे कोणी म्हणाले, तर तिथून उठा.

स्पर्धा हा आणखी एक स्वस्त मार्ग. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. नावाचा दबदबा परीक्षकांवर पडू नये आणि अक्षरही ओळखू येऊ नये, म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिला क्रमांक मिळाला. ओळखपाळख नसलेल्या माणसाने हे लक्षात ठेवावे. विषयही जवळच आहेत: साखर कारखान्याची मळी, माजलगाव धरणाचा तळ, सहा महिने कुलूप लागलेले ऊसतोड कामगारांचे तांडे यांतून उगवणारे भविष्य मराठीत अजून फारसे लिहिलेच गेलेले नाही. ते लिहायला तुमच्याइतके जवळ कोण आहे?

आता पुस्तक. रीतसर प्रकाशक लेखकाकडून एक पैसाही घेत नाही. उलट रॉयल्टी देतो, साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. २५० रुपयांच्या पुस्तकावर प्रतीमागे २५ रुपये. दूर जायचीही गरज नाही: भयकथाकार नारायण धारपांची पुस्तके छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने नव्याने बाजारात आणली आहेत. हस्तलिखित पाठवण्यापूर्वी त्या प्रकाशकाच्या यादीत अशा कथा आहेत का, एवढे पाहा.

स्वखर्चाने काढायचे असेल, तर आधी कागदावर हिशेब मांडा. दर छापखान्यागणिक बदलतात, म्हणून हे आकडे नमुन्याचे समजा. डेमी आकाराची १६० पाने, म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म. पानमांडणी पानाला ३० रुपयांनी ४,८००. मुद्रितशोधन २० रुपयांनी ३,२००. मुखपृष्ठ ४,०००. तीनशे प्रतींची छपाई-बांधणी प्रतीला ९० रुपयांनी २७,०००. एकूण ३९,०००. किंमत २५० ठेवली आणि विक्रेत्याने चाळीस टक्के कापले, तर हातात १५० येतात. म्हणजे २६० प्रती विकल्यावर नुसती मुद्दल निघते. तीस प्रती भेट आणि अभिप्रायात जातात. उरल्या किती? दहा. यात प्रकाशन समारंभ, हार-शाल, पाहुण्यांचे भाडे धरलेलेच नाही. मुद्रितशोधनात मात्र काटकसर करू नका; ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पहिल्याच पानावर वाचक गमावतात.

स्वखर्चाच्या पुस्तकाचे ‘पॅकेज’ विकणारे आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे, वेगळे पैसे लावतात, तेव्हा त्यांना सांगा की केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय आयएसबीएन एजन्सी तो विनामूल्य देते. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही; कथा लिहिली की हक्क तुमचाच. तरी नोंद हवी असेल, तर सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. ई-पुस्तक ॲमेझॉनच्या किंडलवर मराठीत फुकट चढवता येते. पहिले पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेच्या निवेदनावर लक्ष ठेवा.

सर्वांत महाग पडते ती न वाचता केलेली सही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतात. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारत. मिळालेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो हक्क संपतो. म्हणून करारात आवृत्तीच्या प्रती किती, रॉयल्टीचा हिशेब कोणत्या महिन्यात, न विकलेल्या प्रतींचे काय, हे नोंदवून घ्या. अद्भुतकथेला पडदा पुष्कळदा नंतर सापडतो. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटाची प्रेरणा धारपांच्या कथेत होती, आणि धारप २००८ मध्येच गेले होते. तेव्हा चित्रपट, मालिका, ऑडिओबुक आणि भाषांतराचे हक्क स्वतःकडे ठेवा. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असे वाक्य करारात दिसले, तर ते खोडायला लावा, दोघांची आद्याक्षरे बाजूला घ्या आणि मगच सही करा.