दाण्याएवढा जीव, खोलीएवढे तोंड

जवळा, कोळंबी, खेकडा ही कवचाची जात. यांना आत हाडे नाहीत, कवच बाहेरून. अंग वाढले की जुने कवच टाकायचे, नवे धरायचे. याच जातीतला एक जीव भर समुद्रात राहतो. त्याचे नाव कॅलॅनस. तो तांदळाच्या बारीक दाण्याएवढा असतो. अंग काचेसारखे, आरपार दिसणारे. डोक्याला दोन लांब मिशा.

युरोप आणि अमेरिका यांच्या मधल्या थंड समुद्रात, म्हणजे उत्तर अटलांटिकमध्ये, हे जीव अगणित आहेत. पाण्यात तरंगणाऱ्या अतिबारीक वनस्पती हे त्यांचे खाणे. वनस्पतींना ऊन लागते, म्हणून त्या वरच्या पाण्यातच वाढतात. पण उजेडात माशांनाही आपले भक्ष्य दिसते ना! म्हणून कॅलॅनस पुष्कळदा दिवसा खाली राहतो आणि अंधार पडला की वर चरायला येतो.

आता खरे नवल ऐका. आपण सुगीचे धान्य कणगीत भरतो. कॅलॅनस आपल्या सुगीचे तेल करतो आणि अंगातल्या लांबट पिशवीत साठवतो. पिशवी भरली म्हणजे अर्धेअधिक अंग तेलाचेच. मग तो खोल उतरतो, ५०० मीटर, १००० मीटर, कुठे त्याहूनही खाली. ५०० मीटर म्हणजे हजाराहून जास्त हात! तिथे काळोख आणि थंडी. खाणे बंद, हालचाल जवळजवळ बंद. त्या तेलावर कित्येक महिने निघतात. हिवाळा सरत आला की तो वर येतो आणि माद्या अंडी घालतात.

याच तेलावर राईट नावाचा देवमासा पोसतो. लांबी १५ मीटरच्या आसपास. त्याला दात नाहीत. तोंडात गाळणीसारखी झालर असते. तोंड उघडे ठेवून तो पोहतो. पाणी बाहेर जाते, कॅलॅनस आत राहतात. मात्र त्यांची दाटी हवी. विरळ असतील तर एवढ्या देहाचे पोट भरत नाही.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याला मेनचे आखात आहे. तिथे देवमासे वर्षानुवर्षे चरायला येत. २०१० च्या सुमारास तिथले पाणी गरम होऊ लागले आणि कॅलॅनस घटला. देवमासे अन्नामागे उत्तरेला, कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात गेले. तिथे जहाजांची वर्दळ, आणि खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर. एवढे देवमासे येतील अशी तयारी कोणाचीच नव्हती. २०१७ साली कॅनडाच्या पाण्यात १२ देवमासे मेले. काही जहाजांच्या धडकेने, काही दोरांत अडकून. पुढच्या हिवाळ्यात एकही नवे पिल्लू दिसले नाही. आज ही जात ४०० हूनही कमी उरली आहे.

कॅनडाने मोठ्या जहाजांना वेग कमी करायला लावला. देवमासा दिसला की तेवढ्या भागात सापळे बंद. खेकडे धरणाऱ्या कोळ्याचे यात नुकसान होते, आणि त्याची तक्रार आम्हाला खोटी वाटत नाही. त्याचे घर त्या हंगामावर चालते. देवमासे कुठे आहेत ते विमानातून पाहता येते. पण उद्या ते कुठे जातील हे कळायचे, तर बारीक जाळे पाण्यात ओढून कॅलॅनसच मोजावे लागतात.