गोष्ट आणि तिचीं अंगें

वार्षिकासाठीं विद्यार्थ्यांकडून आमच्याकडे ज्या गोष्टी येतात, त्यांपैकीं पुष्कळांचा शेवट दोन प्रकारांनीं होतो. एक तर नायकाची आई शेवटच्या पानावर मरण पावते. नाहीं तर नायक अंथरुणांत दचकून जागा होतो आणि घडलें तें सारें स्वप्न होतें असें त्यास कळून येतें. भाषा बहुधा चांगली असते, शुद्धलेखनही वाईट नसतें. तरी वाचून संपल्यावर मनांत कांहीं उरत नाहीं. असें कां व्हावें, ह्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यासाठीं सर्वांच्या परिचयाची एक गोष्ट घेतों: लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची. ती अवघ्या २२ वचनांची आहे. तिच्या धर्मार्थाचें विवरण उपासनेच्या वेळीं होतच असतें. येथें आम्ही तिच्याकडे केवळ गोष्ट ह्या दृष्टीनें पाहणार आहों.

प्रथम संविधानक. शब्द मोठा असला तरी अर्थ सोपा आहे. एकामागून एक घडलेल्या प्रसंगांची यादी म्हणजे संविधानक नव्हे. एका प्रसंगाच्या पोटीं दुसरा जन्मास आला पाहिजे. धाकटा मुलगा वांटणी मागतो, म्हणून त्याच्या हातीं पैसा येतो. पैसा येतो, म्हणून तो दूर देशीं जातो. तेथें तो उधळतो, म्हणून दुष्काळ पडल्यावर त्याच्याजवळ कांहीं नसतें. दुष्काळ मात्र त्याच्या करणीचें फळ नव्हे, तो बाहेरून येतो. मग असा योगायोग गोष्टींत येऊं द्यावा कीं नाहीं? आमच्या मतें, पात्रास संकटांत घालणारा योगायोग वाचक मुकाट्यानें मान्य करितो. संकटांतून सोडविणारा मान्य करीत नाहीं. ह्या मुलास वाटेंत पुरलेलें धन सांपडलें असतें, तर गोष्ट तेथेंच संपली असती. स्वप्नाच्या शेवटानें वाचकास फसविल्यासारखें वाटतें तेंही ह्याच कारणानें.

स्थळकाळाविषयीं फार लिहावयास नको. यहुदी लोकांत डुक्कर निषिद्ध. अशा घरचा मुलगा परमुलुखांत डुकरें राखतो, आणि तीं खातात त्या शेंगांनीं आपलें पोट भरावें असें त्यास वाटूं लागतें. एवढें सांगितल्यावर त्याच्या अधोगतीचें आणखी वर्णन कशाला? आमच्या विद्यार्थ्यांच्या गोष्टींत सूर्योदयालाच अर्धें पान लागतें, आणि पुढें त्या सूर्याचा कोणासही उपयोग होत नाहीं.

पात्रांकडे मात्र सावकाश पाहिलें पाहिजे. बाप फार थोर मनाचा होता असें प्रशस्तिपत्र निवेदक कोठेंही देत नाहीं. त्याला कळवळा आला, एवढें एका शब्दांत सांगून तो त्याला लगेच धांवावयास लावितो. मुलगा अजून दूर असतांनाच बापाच्या दृष्टीस पडतो. तेव्हां हा रोज त्या वाटेकडे डोळे लावून बसत असला पाहिजे, असें आपण आपल्याशींच म्हणतों. हें आपल्याला कोणी सांगितलेलें नसतें, म्हणूनच तें खरें वाटतें.

संवादाचें कामही असेंच. डुकरांच्या कळपांत उभा राहून मुलगा बापापुढें काय बोलावयाचें हें मनाशीं ठरवितो. त्यांतील शेवटचें मागणें असें कीं, मला एखाद्या मोलकऱ्याप्रमाणें ठेवा. परंतु भेट होते तेव्हां पाठ केलेलें तें भाषण पुरें होतच नाहीं. मोलकऱ्याची गोष्ट ओठांवर येण्यापूर्वींच बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणावयास सांगतो. जें वाक्य बोललें गेलें नाहीं, त्यानेंच येथें सर्वांत अधिक सांगितलें आहे.

आतां थोरला भाऊ. त्याला दुष्ट ठरविण्याची आपल्याला घाई होते. पण तें न्याय्य नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत ज्येष्ठ पुत्राला दुप्पट वांटा सांगितला आहे. म्हणजे दोघां भावांत धाकट्याचा हिस्सा एक तृतीयांश, आणि तो तर त्यानें केव्हांच उडविला. मागें राहिलें तें पुढें थोरल्याचेंच. तेव्हां कापलेलें पुष्ट वासरूंही एका अर्थीं त्याच्याच गोठ्यांतलें. दिवसभर शेतांत राबून तो घरीं येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो, आणि आपल्याच घरांत काय चाललें आहे हें त्याला चाकरास विचारावें लागतें. राग येणार नाहीं असा माणूस कोण? असें असूनही त्याच्या बोलण्यांतून त्याचें मन दिसतेंच. तो "माझा भाऊ" म्हणत नाहीं, "तुमचा हा मुलगा" म्हणतो. बाप उत्तर देतांना सहज "तुझा हा भाऊ" असें म्हणतो. एका सर्वनामांत भांडण आहे आणि दुसऱ्यांत समेट. ज्यांच्या गोष्टींत खलपुरुष पहिल्या ओळीपासून काळाकुट्ट असतो, त्यांनीं हा थोरला भाऊ पुनः पुनः वाचावा.

गोष्ट कोणाच्या तोंडून सांगावी हा पुढचा प्रश्न. मराठींत ह्याचीं दोन बोधप्रद उदाहरणें आहेत. बाबा पदमनजी ह्यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें; मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान मोठा आहे, आणि विधवांच्या दुःखाविषयींची लेखकाची कळकळही खरी आहे. तथापि तेथें पात्रें बोलतां बोलतां थांबतात आणि त्यांच्या तोंडून लेखकच उपदेश करूं लागतो. हरि नारायण आपटे ह्यांनीं स्त्रियांच्या दुःखाचाच विषय घेतला, परंतु 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांनीं यमू नांवाच्या मुलीच्याच तोंडून सांगविली. ती १८९० सालीं सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येत असे. यमू वाद घालीत नाहीं. लहानपणापासून आपल्या घरांत काय घडलें तें सांगत जाते, आणि वाद वाचकाच्या मनांत आपोआप उभा राहतो. कादंबऱ्यांनीं मुलें बिघडतात अशी तक्रार करणाऱ्या पालकांनीं ही एक तरी वाचून पाहावी, असें आम्ही नम्रतेनें सुचवितों.

राहतां राहिला शेवट. उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा शेवट काय, असें विचारल्यास बहुतेक मुलें मेजवानी असें सांगतील. मेजवानी मध्यें आहे. शेवटीं थोरला भाऊ दाराबाहेर उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालीत आहे, आणि तो आंत गेला कीं नाहीं हें निवेदक सांगत नाहीं. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणारे परूशी व शास्त्री समोर असतां ही गोष्ट सांगितलेली आहे. आंत जावयाचें कीं नाहीं हें त्यांचें त्यांनीं ठरवावयाचें होतें.

पुढील अंकासाठीं लिहूं इच्छिणाऱ्यांस एक अभ्यास देतों. थोरल्या भावानें अंगणांत ज्या चाकरास बोलावून विचारलें, त्याच्या तोंडून हीच गोष्ट दोन पानांत लिहावी. वासरूं कापलें हें त्याला ठाऊक आहे. डुकरांच्या कळपांत मुलगा मनाशीं काय बोलला हें त्याला ठाऊक असणें शक्य नाहीं. सूर्योदय नको, आणि कोणाची आई मरूं नये.